विचारलं तरच बोलतो

पॅड हातात घ्या. कॉम्प्युटरला इतक्यात लावू नका, वायर मांडीवर सैल पडू द्या. हा काही शे रुपयांचा यूएसबी गेमपॅड आहे, नगरच्या बाजारात चार्जर आणि मोबाइलच्या कव्हरांशेजारी लटकलेला असतो तसलाच. खोक्यावर ठळक अक्षरांत व्हायब्रेशन लिहिलंय. आत मोटर असेलच असं नाही. खोकं बाजूला सारा. सोबत आलेली छोटी सीडीसुद्धा. सुट्टीला आलेला भाचा मागे उभा आहे आणि "मामा, हा चालतच नाही" असं त्याचं दोनदा म्हणून झालंय. त्याला म्हणावं, बस इथं खाली, वेळ लागणार आहे.

पहिली काही मिनिटं फक्त त्या "चालत नाही"पाशी थांबू.

बोट बटणावर पडतं. बटणाखाली रबर दबतं. रबराखालचा काळा ठिपका सर्किटच्या पट्टीवरच्या दोन रेघा जोडतो. चिपला ते कळतं, चिप ते आकड्यांत मांडते, आकडे वायरीतून पोर्टात जातात, तिथून विंडोज किंवा लिनक्सकडे, आणि शेवटी खेळाकडे. तेव्हा कुठे पडद्यावरचा माणूस उडी मारतो. एवढ्या टप्प्यांपैकी एक जरी गळला तरी आपल्या तोंडी तेच वाक्य येतं. कुठला टप्पा गळला हे ठाऊक नसताना आपण ड्रायव्हर शोधायला बसतो, पॅड टेबलावर आपटून पाहतो, दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो. आज तसं करायचं नाही. एका टप्प्याला विचारायचं आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढच्याकडे वळायचं नाही.

आता डोळे मिटलेत तरी चालेल. उजवा अंगठा चार बटणांवरून फिरवा. स्वस्त पॅडवर त्यांना बहुधा ए, बी, एक्स, वाय अशी अक्षरं नसतात. १, २, ३, ४ असे आकडे असतात. ते मनात ठेवा, पुढे कामाला येतील. प्रत्येक बटण पूर्ण खाली दाबा आणि सोडा. एखादं इतरांपेक्षा खोल जातंय का? दबल्यावर वर यायला आळस करतंय का? डावीकडचा चौफुला दाबा. त्या चारही दिशांखाली बहुतेक वेळा रबराचा एकच तुकडा असतो, म्हणून डावं दाबताना कधी कधी वरचंही लागतं. हा बिघाड नव्हे, त्याच्या घडणीतलंच आहे. मग दोन्ही दांड्या. दांडी एका कडेला न्या आणि सोडून द्या. ती मधोमध येते, की येते असं वाटतं? दांडीच्या तळाशी दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. आत कार्बनच्या पट्टीवरून पत्र्याचा बारीक पाय घासत फिरतो. खेळून खेळून पट्टी झिजते, आणि झिजलेल्या जागी पाय टेकला की सांगितलेला आकडा खरा राहत नाही.

आणि धूळ. नगर जिल्ह्याचा अर्ध्याहून अधिक भाग पर्जन्यछायेतला. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या अंगाला पावसाळाभर धो धो कोसळत असतं, तेव्हा जामखेड-पाथर्डीकडे ढग नुसतेच पुढे सरकतात. मार्च लागला की खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं तरी रेघ उमटते, आणि साखर कारखान्यांच्या आसपासच्या गावांत गळीत हंगामात वरून काळी राख पडते ती वेगळीच. बटणांच्या फटी तिला मोकळ्याच असतात. त्यात चिवड्याच्या बोटांचं तेल.

आता वायर. एका टोकाला प्लग, दुसऱ्याला पॅड. प्लगपासून सुरू करून चिमटीत धरून हळूहळू पॅडकडे या. घाई नको. कुठे मऊ लागतंय, कुठे आत गाठ लागतेय, तिथं थांबा. वायर पॅडमध्ये शिरते ती मान जास्त वेळ चाचपा. आत चार बारीक वायरी आहेत: लाल, काळी, पांढरी, हिरवी. लाल-काळीतून पाच व्होल्टची वीज येते, पांढरी-हिरवीतून बोलणं होतं. वरचं रबर धडधाकट आणि आतली एक तुटलेली, असं या मानेत नेहमी सापडतं.

आता लावा. टेबलाखालच्या डब्याला लावत असाल तर पुढच्या पोर्टात नको, मागच्या पोर्टात लावा. पुढचे पोर्ट वर्षानुवर्षं पेनड्राइव्ह खुपसून ढिले झालेले असतात. मधे हब नको. लावताना दांड्यांना हात नको, कारण काही पॅड लावल्या क्षणी दांडी जिथं असेल तीच मधली जागा धरून बसतात.

आवाज आला? त्या आवाजापाशी जरा रेंगाळा. त्या क्षणात बरंच घडून गेलं. अशा स्वस्त पॅडच्या आत बहुधा एक दीड किलोओहमचा रोधक पांढऱ्या वायरीला वर ओढून धरतो. हिरवी ओढलेली असती तर कॉम्प्युटरनं ओळखलं असतं की आलेलं यंत्र वेगवान आहे. पांढरी ओढलेली दिसली म्हणजे संथ गतीचं. मग कॉम्प्युटर त्याला १ ते १२७ यांतला एक क्रमांक देतो, तू कोण, तुला बटणं किती, दांड्या किती, हे विचारतो, आणि पॅड सांगतो.

त्यानंतर पॅड गप्प. यूएसबीचा नियमच तसा आहे, १९९६ साली पहिला मसुदा आला तेव्हापासूनचा. पॅडसारखं यंत्र आपणहून कधी तोंड उघडत नाही. दर आठ-दहा मिलिसेकंदांनी कॉम्प्युटर विचारतो, काही सांगायचंय का? असेल तर असा संथ पॅड एका खेपेला जास्तीत जास्त आठ बाइट पुढे करतो. काही नसेल तर तसं कळवतो आणि पुढच्या विचारण्याची वाट पाहतो. तुम्ही कितीही जोरात बटण दाबा, विचारणा होईपर्यंत ते दाबणं पॅडच्या पोटात राहतं.

या गप्प राहण्यावरून आठवलं, नगरहून दौंड रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर अरणगाव आणि तिथलं मेहेराबाद. १० जुलै १९२५ पासून तिथले आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. सुरुवातीला ते लिहून सांगत. १९२७ साली लिहिणंही थांबवलं आणि इंग्रजी मुळाक्षरांची एक फळी घेतली. एकेका अक्षरावर बोट झरझर टेकवत जायचं आणि जवळ बसलेल्यांनी अक्षरं जुळवून मोठ्यानं वाचायचं. 'गॉड स्पीक्स' हे १९५५ साली छापलेलं जाडजूड पुस्तक अशा फळीवरून सांगितलेलं आहे. १९५४ च्या ऑक्टोबरात त्यांनी फळीही सोडली. पुढे नुसत्या हाताच्या खुणा राहिल्या. शिष्य एरच जेसावाला त्या बघून बोलून दाखवत. अजूनही १० जुलैला त्यांना मानणारी माणसं दिवसभर बोलत नाहीत.

एका सत्पुरुषाचं मौन आणि प्लॅस्टिकचा पॅड एका दमात घेतलेलं कुणाला खटकेल. नगरात बसून हा विषय काढल्यावर मला तरी ती फळी डोळ्यांआड करता आली नाही. कारण फळीवर टेकलेल्या बोटात शब्द नसतो, फक्त जागा असते. तिसऱ्या ओळीतला दुसरा चौकोन, एवढंच. तिथं कुठलं अक्षर आहे हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असावं लागतं. वाचणाऱ्यानं मनात दुसरीच मांडणी धरली, तर बोट अगदी बरोबर पडूनही निघणारं वाक्य भलतंच असेल.

आता पॅडवरचं ३ नंबरचं बटण दाबा आणि दाबूनच ठेवा. पॅड या घडीला काय म्हणतोय? "उडी मार" असं नाही. त्याला उडी ठाऊक नाही, गोळी ठाऊक नाही, ब्रेक ठाऊक नाही. आठ बाइटांतल्या एका ठरलेल्या जागी शून्याचा एक झालाय, तेवढंच तो सांगतोय. उडी खेळाच्या डोक्यात आहे. "चालत नाही" म्हणून हाती आलेले पॅड पाहताना माझं मत असं बनत गेलं की यांतले बरेच जण नीट बोलत असतात. वाचणाऱ्याची फळी वेगळी असते.

तर वाचणारा कोण, हे बघण्याआधी बोलणारा कोण ते बघू. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॅडच्या नावावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथं डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी. चार-चार अंक-अक्षरांचे दोन गट दिसतील. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा त्या मालाचा. सावकाश वाचा. ००७९ दिसलं तर तो क्रमांक ड्रॅगनराइज या कंपनीच्या नावे नोंदलेला आहे. खोक्यावर नाव कुठलंही असो. वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या छापांच्या पॅडांत आत हीच ओळख निघते. आणि ०४५ई, ०२८ई अशी जोडी दिसली तर पॅड स्वतःला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर म्हणवतोय. एवढ्या स्वस्तात तो मायक्रोसॉफ्टचा नाही हे तुम्हाला कळतं, कॉम्प्युटरला कळत नाही. काहींना ही लबाडी वाटते. मला तिचा राग येत नाही. कित्येक नवीन खेळांच्या दारावर दुसऱ्या कुणाला आत सोडतच नाहीत, तर त्यानं करावं काय?

या दोन गटांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. २००५ साली एक्सबॉक्स ३६० आला, त्याच्यासोबत एक्सइनपुट ही पद्धत आली. तिच्यात बटणांना पक्की नावं आहेत: ए म्हणजे ए, डावा ट्रिगर म्हणजे डावा ट्रिगर. त्याआधीची डायरेक्टइनपुट. तिच्यात फक्त क्रमांक, आणि कुठला क्रमांक कशासाठी हे ज्यानं त्यानं ठरवायचं. तुमच्या पॅडवरचे १, २, ३, ४ हे त्या जुन्या पद्धतीचे आहेत. काही पॅडांना दोन्ही येतात. मधलं होम किंवा मोड बटण काही सेकंद दाबून धरलं की दिवा बदलतो आणि पॅड कॉम्प्युटरला नव्यानं आपली ओळख करून देतो. तसं झालं का याची पुन्हा ते दोन गट पाहून खात्री करा, दिव्यावर भरवसा ठेवू नका.

आता या बैठकीचा सर्वांत शांत भाग. विंडोजची खूण आणि आर एकदम दाबा, जॉय डॉट सीपीएल असं इंग्रजीत टाइप करा, एंटर. पॅडचं नाव निवडून प्रॉपर्टीज. एक चौकोन उघडेल, त्यात अधिकची बारीक खूण, खाली लाल गोल. खेळ नाही, आवाज नाही, कुणी हरत-जिंकत नाही. इथं पॅड आणि तुम्ही एवढेच. लिनक्सवर याच कामाला जेएसटेस्ट आहे.

भाच्याच्या हाती कागद-पेन द्या. तुम्ही बटण दाबा, त्यानं पेटलेला आकडा लिहावा. वरच्या कडेची चार बटणं बहुधा ५ ते ८ निघतील, सिलेक्ट ९, स्टार्ट १०, दांड्या आत दाबल्या तर ११ आणि १२. तसं नसेल तर जे असेल ते लिहा. पॅड चूक नाही, तो त्याचा आहे. प्रत्येक बटण एकदा टिचकीसारखं आणि एकदा दाबून धरून पाहा. धरून ठेवल्यावर लाल गोल थरथरत असेल तर रबराखालचा ठिपका नीट टेकत नाही. मुळीच पेटत नसेल आणि बाकीची पेटत असतील, तर वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही सुटले. दोष त्याच एका बटणाखाली आहे.

मग अॅनलॉग लिहिलेलं बटण. त्याच्याजवळ लाल दिवा असतो. दिवा बंद असताना चौफुला दाबा: अधिकची खूण एकदम कडेला जाऊन आपटते. उजवी दांडी हलवा: अरेच्चा, १ ते ४ ही बटणं पेटतायत! आता दिवा लावा. चौफुल्यानं वेगळीच छोटी दिशा-खूण हलते, अधिकची खूण डाव्या दांडीबरोबर सावकाश सरकते आणि उजव्या दांडीला तिचे स्वतःचे आडवे-उभे पट्टे मिळतात. पॅड तोच, बोलणं दोन तऱ्हेचं. "गाडी वळतच नाही, गोळ्या आपोआप सुटतात" या तक्रारीचं मूळ कित्येकदा या एका दिव्यात असतं. भाच्यानं खेळता खेळता अंगठ्यानं तो विझवलेला असतो.

दांड्या सोडून द्या आणि खुणेकडे बघत राहा. अशा पॅडांत प्रत्येक दिशा शून्य ते २५५ या आकड्यांत मोजली जाते. मधली जागा १२७-१२८ च्या आसपास. खूण मधोमध स्थिर आहे? की जराशी कलून, सुपारीएवढ्या जागेत कापतेय? थोडं कलणं त्याच प्रॉपर्टीजमधल्या कॅलिब्रेटनं सुधारतं. कापणं सुधारत नाही, ती झिजलेली पट्टी आहे. तिच्यावर उपाय खेळाच्या सेटिंगमधला डेडझोन: मधल्या एवढ्या जागेतलं काही ऐकूच नकोस, असं खेळाला सांगणं. डेडझोन हळूहळू वाढवा, खूण शांत झाली की थांबा. जास्त वाढवलात तर दांडीला नाजूक वळण घेता येणार नाही.

इथवर सगळं ठीक असेल तर पॅड सुटला. तो बोलतोय, कॉम्प्युटर ऐकतोय. राहिला खेळ.

खेळ जुना असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण नेमून द्या, भाच्यानं लिहिलेला कागद समोर आहेच. खेळ एक्सइनपुटच मागत असेल तर स्टीममधल्या कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये किंवा एक्स३६०सीई नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये हीच नेमणूक होते: माझा ३ म्हणजे तुझा ए. त्या प्रोग्रॅममध्ये एकाच बटणाला दोन कामं दिली जात नाहीत ना, एवढं पाहा.

आणि कधी कधी काहीच नेमावं लागत नाही, लावला की चालतो. तेही कुणाचं तरी काम असतं. एसडीएल नावाच्या सामायिक संचावर पुष्कळ खेळ उभे आहेत, आणि त्याच्या जोडीला पॅडांची एक लांबलचक यादी लोकांनी चालवली आहे. एक पॅड, एक ओळ: ओळख-क्रमांक, नाव, आणि कुठला नंबर म्हणजे ए, कुठला म्हणजे बी. कुणीतरी कुठेतरी तुमच्यासारखाच स्वस्तातला पॅड घेऊन बसलं, एकेक बटण दाबलं आणि ओळ लिहून ठेवली. लिनक्सच्या गाभ्यात तर ड्रॅगनराइजच्या पॅडांसाठी वेगळी फाइल आहे. या जातीचे काही पॅड आपल्या दांड्यांचं वर्णनच चुकीचं सांगतात, तेव्हा ती फाइल ते वर्णन गुपचूप बदलून बरोबरचं पुढे करते.

आणि मघाशी आवाज आलाच नसेल तर? मग पुन्हा वायरीपाशी या. पॅडचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरला पत्ता नाही: वीज येतेय, लाल-काळी शाबूत, बहुधा पांढरी गेली. आवाज येतो पण डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड असं येतं: कुणीतरी आलंय एवढं कळलं, पुढचं बोलणं जमलं नाही, हिरवीवर संशय घ्या. दिवाच नाही: लाल किंवा काळी, नाहीतर पोर्ट. (काही पॅडांचा दिवा फक्त अॅनलॉगलाच लागतो, तेवढं ध्यानात असू द्या.) वायरीची मान हळू वाकवत ठेवून एखाद्या कोनात आवाज येतो का बघा. आला तर जागा सापडली. पाठीमागचे स्क्रू काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक रंग तपासा, तुटल्या जागेच्या पुढे वायर कापून चारही रंग पुन्हा सोल्डर करा. उघडलंच आहे तर रबराचे काळे ठिपके आणि पट्टीवरच्या रेघा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून घ्या. ब्लेडनं खरवडू नका.

लिटल मास्टर आणि समुराईच्या काळात ज्यांनी टीव्ही गेम खेळलाय, त्यांना हे रबर ओळखीचं वाटेल. कॅसेटवर 9999 इन 1 लिहिलेलं असायचं आणि आत मोजकेच गेम, तेच नाव बदलून. त्या पॅडला ओळख-क्रमांक नव्हता, चाचणीची खिडकी नव्हती. चालला तर चालला. त्या मानानं हा आजचा स्वस्त पॅड विचारलं की बरंच सांगतो.

भाच्याची बहीण आता दुसरा पॅड घेऊन आली असेल, त्याच खोक्यातला, त्याच रंगाचा. तोही लावा. दोघांची ओळख सारखीच निघेल, कारण अशा पॅडांना बहुधा स्वतःचा वेगळा अनुक्रमांकच नसतो. कुठल्या पोर्टात कोण, एवढ्यावरून कॉम्प्युटर त्यांना वेगळं धरतो. आज जो एक नंबरचा खेळाडू तो उद्या पोर्ट बदलला की दोन नंबरचा होईल, आणि भांडण तुमच्यापर्यंत येईल. तेव्हा एका पॅडच्या वायरीला प्लगपाशी लाल दोरा बांधा, त्याच्या पोर्टाशेजारीही लाल टिकली लावा. आणि दोघांनाही बजावा, की खेळ झाल्यावर वायर पॅडभोवती आवळून गुंडाळायची नाही.